एकच ड्रॉइंग, एकोणीस व्हेंडर

मुलगी बघायला आलेल्या मंडळींना लोक कांदेपोहे देतात. आमच्या शेजारचे प्रभाकर सोनवणे आधी तासभर पियानो ऐकवायचे. पोहे नंतर. मुलगा पियानोत पास झाला तर पोहे गरम करून, नाहीतर जसे असतील तसे.

खोटं वाटत असेल तर अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये येऊन कुणालाही विचारा. त्यांच्या सुजाताला पहिलं स्थळ आलं ते भुसावळकडचं. मुलगा सरकारी नोकरीत, दिसायला बरा, आई-वडील, मामा-मामी अशी पाच माणसं एका सोफ्यावर दाटीवाटीने बसलेली. शेजारधर्म म्हणून मीही कोपऱ्यात. सोनवण्यांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि एका जुन्यापुराण्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मंडळींना वाटलं, हौस आहे माणसाला. दहा मिनिटांनी मामांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटांनी मुलाच्या आईने 'आवाज जरा कमी केलात तर बोलता येईल' असं सुचवलं. सोनवण्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. होणाऱ्या विहीणबाईंना! अर्ध्या तासाने ते संपलं. मंडळी 'हुश्श' करतात तोच सोनवण्यांनी शेजारच्या सीडी प्लेअरचं बटण दाबलं आणि तेच पुन्हा सुरू झालं. तेच. पहिल्यापासून. तेही संपल्यावर ते मुलाकडे वळले.

"बोला. ए का बी?"

मुलगा बिचारा भला होता. म्हणाला, "दोन्ही छान आहेत."

"रिजेक्ट," सोनवणे म्हणाले. मनात नव्हे, मोठ्याने.

हा शब्द त्यांच्या तोंडात कायमचाच. आम्ही दोघं मोरिवलीच्या एकाच कारखान्यात. मी स्टोअरमध्ये, ते इन्स्पेक्शनमध्ये. कारखाना व्हॉल्व्ह बनवायचा आणि बनलेले व्हॉल्व्ह नापास करायचा पगार सोनवण्यांना मिळायचा. त्यांच्या टेबलाजवळ तीन क्रेट असत. हिरवा म्हणजे ओके, पिवळा म्हणजे रिवर्क, लाल म्हणजे रिजेक्ट. दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरचा लाल क्रेट आठवड्यातून एकदा भरायचा, सोनवण्यांचा जेवणाच्या सुट्टीआधी. मशीनवरची पोरं त्यांना दुरून येताना पाहिलं की आपणहून दोन-चार पीस लाल क्रेटमध्ये टाकून मोकळी व्हायची. उगाच भाषण कशाला ऐका?

आणि भाषणही एकच. "ज्या गेजने मोजलंस, ते गेज कुणी मोजलं?" म्हणजे असं की, माप घ्यायचं हत्यारच चुकीचं असेल तर माप काय चाटायचंय? म्हणून प्रत्येक गेजवर तपासणीच्या तारखेचं स्टिकर हवं. एकदा एका गेजचं स्टिकर एक दिवस, फक्त एक दिवस जुनं झालेलं सापडलं, तर या गृहस्थाने अख्खी लाइन दोन दिवस बंद पाडली. मॅनेजर हातापाया पडला. सोनवणे म्हणाले, "साहेब, माझ्या पाया पडून गेज सुधारत नाही."

हे कारखान्यापुरतं असतं तर मी कशाला तक्रार करीन? माझ्या मुलाच्या बारशाला हा माणूस खिशातून स्पिरिट लेव्हल घेऊन आला. बायका पाळणा म्हणतायत आणि हा खाली वाकून पाळणा तपासतोय! "राणे, डाव्या बाजूला दोन मिलीमीटर झुकलाय." आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगायचं सोडून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

आता तुम्ही म्हणाल, या व्हॉल्व्हवाल्याला पियानो कुठून चिकटला? उल्हासनगरहून. आमच्याकडे चिकटणाऱ्या बहुतेक वस्तू तिथूनच येतात.

सुजाता तेव्हा पाच वर्षांची असेल. सोनवण्यांनी कॅम्प तीनच्या किशनशेठकडून एक सेकंडहँड परदेशी टेपरेकॉर्डर आणला. सगळं तपासून आणला, हे वेगळं सांगायला नको. बटणं तपासली, स्पीकर तपासला, वायर ताणून बघितली. फक्त कॅसेटचं झाकण उघडून बघायचं राहिलं. घरी येऊन बघतात तर आत कुणाची तरी कॅसेट अडकलेली आणि झाकण काही केल्या उघडेना. तसेच उलट पावली गेले.

"साईं, कैसेट फ्री है," किशनशेठ म्हणाला.

"अहो, झाकण उघडत नाही!"

"तो फिर बंद करने की भी झंझट नहीं."

सोनवणे डबडं घेऊन परत आले. झाकण फोडायचं तर धीर होईना, परदेशी प्लास्टिक, एकदा तडकलं की गेलं. मग जे आत होतं तेच ऐकायचं. आठ-नऊ महिने त्या घरात दुसरं काही वाजलं नाही. बुद्धपौर्णिमेला पियानो, दिवाळीच्या सुट्टीत पियानो, सुजाताच्या वाढदिवसाला पोरंटोरं टोप्या घालून गोल बसलीयत आणि पियानो. पुढे नवीन टेपरेकॉर्डर घ्यायची ऐपत आली, पण तोवर उशीर झाला होता. सोनवण्यांना ते आवडायला लागलं होतं.

झाकणाच्या काचेतून कॅसेटवरची अर्धीमुर्धी अक्षरं दिसायची. ती त्यांनी कागदावर उतरवली आणि कल्याणला एका शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंना नेऊन दाखवली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. याला पियानो कॉन्चेर्तो म्हणतात. एक जण पुढे बसून पियानो वाजवतो, मागे साठ-सत्तर माणसं व्हायोलिन, बासऱ्या, पिपाण्या घेऊन बसतात. लिहिणारा कधीच गेला, शंभर वर्षं तरी झाली असतील. काळ रोमँटिक. वाजवणाऱ्याचं नाव मात्र झाकणाच्या पट्टीमागे होतं, ते काही कळेना. बाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? याची पुष्कळ रेकॉर्डिंग मिळतात, कुठलंही घ्या."

कुठलंही घ्या! हे इन्स्पेक्शनच्या माणसाला!

रोमँटिक म्हटल्यावर मी आणि माझी बायको नलिनी एका संध्याकाळी मुद्दाम ऐकायला गेलो होतो. पंधरा मिनिटांनी नलिनी माझ्या कानाशी लागली. "अहो, ही माणसं भांडतायत का?" सोनवण्यांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही पुढची पंधरा मिनिटं खोकलासुद्धा गिळून बसलो.

मी त्यांना एकदा सरळ विचारलं, "सोनवणे, सगळे तेच वाजवतात ना? मग एक कॅसेट असताना दुसरी कशाला?"

"राणे, तुम्ही स्टोअरमध्ये आयुष्य फुकट घालवलं," ते म्हणाले. "ड्रॉइंग एकच असतं. ते आपण वीस व्हेंडरना देतो. वीसही जण तोच व्हॉल्व्ह बनवून आणतात. सारखा असतो का?"

"नसतो."

"का नसतो? ड्रॉइंग तर तेच!"

तेव्हापासून पियानो वाजवणाऱ्या त्या जगप्रसिद्ध माणसांना सोनवण्यांच्या घरात व्हेंडर म्हणायला लागले. नावं परदेशी, जिभेवर बसत नाहीत, म्हणून नंबर. आणि झाकणात अडकलेला तो निनावी माणूस म्हणजे मास्टर. सगळ्यांना मोजायचं ते त्याच्याशी.

मग शोध सुरू झाला, सगळ्यांत चांगलं रेकॉर्डिंग कुठलं याचा. दर दोन-चार महिन्यांनी सोनवणे किशनशेठच्या डोक्यावर जाऊन बसायचे. किशनशेठ मुंबईच्या होलसेलवाल्यांकडून काहीबाही मागवायचा. एकदा त्याने पियानोचं चित्र असलेली सीडी दिली, घरी लावली तर योगासनांच्या सूचना. "श्वास आत घ्या." सोनवण्यांनी तीही शेवटपर्यंत ऐकली आणि मगच रिजेक्ट केली. किशनशेठ वैतागून म्हणायचा, "साईं, ये भी पियानो, वो भी पियानो. तुमको आखिर होना क्या है?"

दोन हजार सालानंतर सीड्या सहज मिळायला लागल्या तसा हा रोग वाढला. होताहोता अठरा झाल्या. कपाटातल्या एका फळीवर नंबर टाकून ओळीने उभ्या. सोबत शेरे लिहिलेली वही. ती मी एकदा चाळली होती. 'व्हेंडर ३: संथ. रिजेक्ट.' 'व्हेंडर ६: संथ. दम नाही. रिजेक्ट.' 'व्हेंडर १२: फारच संथ, बहुधा पगारी सुट्टीवर आहे. रिजेक्ट.' अठरा व्हेंडर आणि अठरा रिजेक्ट. जर्मनी, रशिया, पोलंड, अमेरिका, सगळीकडचे नामवंत लोक अंबरनाथ पूर्वेच्या एका फळीवर नापास होऊन पडले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

याच परीक्षेला त्यांनी पोरीची स्थळं बसवली. त्यांची बायको, आमच्या सुमनवहिनी, असत्या तर हे होऊ दिलं नसतं त्यांनी, पण त्या चार वर्षांपूर्वीच गेल्या, कावीळ पोटात गेली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. घरात बापलेक दोघंच. मी सोनवण्यांना म्हटलं, "अहो, मुलाचं शिक्षण बघा, घर बघा, व्यसन आहे का बघा. पियानो कसला लावताय?"

"शिक्षण कागदावर दिसतं, घर डोळ्यांना दिसतं. मुलाला बारीक फरक कळतो का, ते कुठे दिसतं?" ते म्हणाले. "समोर दोन वस्तू ठेवल्या आणि चांगली कुठली ते सांगता आलं नाही, तर तो माझ्या मुलीची किंमत काय करणार?"

ऐकायला बरं वाटतं हो! पण या हिशोबाने भुसावळ गेलं, नाशिक गेलं, पनवेलचा इंजिनियर गेला. चौथा दुसऱ्या रेकॉर्डिंगला चक्क झोपला, त्याच्यावर मात्र मला राग आला नाही.

आणि एके दिवशी सुजाता आमच्या घरी येऊन नलिनीच्या गळ्यात पडून रडायला लागली. ती बदलापूरला शाळेत गणित शिकवायची. तिथलाच अमोल म्हणून एक मास्तर, वांगणीचा, त्यांच्यातलाच, घरची थोडी शेती. दोघांचं जमलं होतं. रविवारी तो वडिलांना आणि आत्याला घेऊन रीतसर यायचा होता.

"मग रडतेस कशाला? चांगलंच आहे की!" मी म्हटलं.

"काका, तो पीटीचा सर आहे," ती म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली.

नलिनीने कपाळावर हात मारला.

"मी पळूनबिळून जाणार नाही, काका. बाबांना एकटं टाकून मी असं करणार नाही. पण त्यांनी अमोलला रिजेक्ट केलं ना, तर मी लग्नच करणार नाही. इथेच राहीन. रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून तो पियानो ऐकीन. जन्मभर!"

पोरीचा स्वभाव मला माहीत होता. बापाचीच लेक ती, बोलली म्हणजे करणार. मी म्हटलं, "रविवारच्या आत त्याला माझ्याकडे पाठव."

शनिवारी दुपारी अमोल आला. उन्हात रापलेला, चांगला उंचापुरा पोरगा. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात शिट्टी. खिशातून काळी दोरी लोंबत होती, ती स्टॉपवॉचची.

"संगीतातलं काय कळतं तुला?"

"मार्चपास्टचा ढोल कळतो, काका. लेफ्ट-राइट चुकलं की लगेच कळतं."

"बास. ते विसर. उद्या दोन गाणी लागतील. जुन्या डबड्यातून वाजेल ते ए. सीडीवर वाजेल ते बी. शेवटी विचारतील, ए का बी? म्हणायचं ए. का विचारलं तर म्हणायचं, ए मध्ये जान आहे. कळलं?"

"आणि मला बी बरं वाटलं तर?"

"तुला लग्न करायचंय ना?"

"हो."

"मग तुला बी बरं वाटणार नाही."

त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. पेपर फुटलेला, उत्तर एका अक्षराचं. आता यात नापास व्हायला माणूस किती गाढव असावा लागेल? मी शांत झोपलो.

रविवारी सकाळी सगळे जमले, मी आणि नलिनीही. त्या काळी लोडशेडिंगच्या वेळा बघूनच घरात काय ते करावं लागे. आमच्याकडे बाराला वीज जायची, म्हणून सोनवण्यांनी अकराला पाच कमी असतानाच बटण दाबलं. अमोलचे वडील मांडी घालून सोफ्यावरच बसले, आत्याबाई पदर सावरून. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात. बुद्धाच्या तसबिरीखाली तो जुना टेपरेकॉर्डर खणखणत होता. मी अमोलकडे बघितलं तर त्याचा हात खिशात. 'टिक' असा आवाज आला. ए संपलं, पुन्हा 'टिक'. बी सुरू झालं, 'टिक'. सोनवण्यांच्या भुवया वर गेल्या.

बी संपलं. "बोला. ए का बी?"

मी मान एवढ्या जोरात हलवली की आत्याबाईंना वाटलं मला आकडी आली.

"काका," अमोल म्हणाला, "ए अठ्ठावीस मिनिटं. बी एकतीस."

"मी काय विचारलं?"

"ए का बी."

"मग?"

"सांगतो. पण तुमच्याकडच्या बाकीच्या सीड्या किती मिनिटांच्या आहेत?"

सोनवण्यांना बघावं लागलं नाही. "तीस, एकतीस, बत्तीस. मागे छापलेलं असतं. सगळे संथ."

"आणि हा एकटाच अठ्ठावीस?"

"म्हणून तर तो मास्टर!"

अमोलने स्टॉपवॉच हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, सुजाताकडे बघितलं. मी मनात म्हणत होतो, अरे बाबा, ए म्हण. एक अक्षर! पण प्रामाणिक माणसाला शिकवण्यात अर्थ नसतो, हे मला स्टोअरमध्ये असून कळायला हवं होतं.

"काका, शर्यतीत सगळी पोरं पुढेमागे एकाच टायमाला आली आणि एकच पोरगं एवढं पुढे निघून आलं, तर आम्ही त्याला मेडल देत नाही. आधी आमचं घड्याळ तपासतो."

"आम्या, गप ना रं!" त्याच्या वडिलांनी त्याला ढोसलं.

"नाही हो, बाबा, तो माणूस चांगलाच वाजवत असेल. मी म्हणतो, मशीन पळत असेल. मशीन कुणी तपासलंय का?"

हा प्रश्न सोनवण्यांचा होता. उभ्या आयुष्यात तो त्यांनी दुसऱ्यांना विचारला होता, त्यांना कुणी विचारला नव्हता. मला वाटलं, आता हा पोरगा जिन्यावरून खाली जातो. सोनवणे उठले, आत गेले आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. त्याच क्षणी वीज गेली, पंखा थांबला.

त्यांनी टेपरेकॉर्डर उचलून खिडकीत नेला. एकोणीस वर्षं ज्या झाकणाला कुणी हात लावायची हिंमत केली नव्हती, त्याचे स्क्रू ते एकेक करून काढायला लागले. घामाने शर्ट पाठीला चिकटला. शेवटी झाकण कडकन मोडलं आणि त्यांनी कॅसेट बाहेर काढली. चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सुजाता, फळीवरची सहा नंबर आण."

सुजाताने सीडी आणली. दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी धरल्या. माणूस तोच. मागचा वाद्यवृंद तोच. रेकॉर्डिंगचं सालही तेच. सीडीच्या मागे छापलं होतं, एकतीस मिनिटं. व्हेंडर सहा! संथ, दम नाही, रिजेक्ट!

अमोलच्या वडिलांना राहवेना. "म्हंजी ह्यो त्योच मानूस?"

"तोच," सोनवणे म्हणाले.

"आनि तुमी त्यालाच नापास केला व्हय?"

मी खिडकीबाहेर तोंड केलं, नाहीतर माझी धडगत नव्हती. एकोणीस वर्षांत या माणसाने माझ्या मुलाच्या पाळण्यापासून त्याच्या मार्कांपर्यंत सगळ्यात खोट काढली होती. आज मला पोटभर हसायचं होतं. पण वळून बघितलं तर सोनवणे ती कॅसेट दोन्ही हातांत धरून खुर्चीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मला हसू आलं नाही.

वीज साडेतीनला येणार होती. पाहुणे थांबले. आत्याबाईंनी आत जाऊन सुजाताला हाताशी घेऊन पिठलं-भाकरी केली, सगळे जेवले, अमोलचे वडील जमिनीवरच लवंडले. सोनवणे घड्याळाकडे बघत बसले. वीज आल्याबरोबर त्यांनी सहा नंबर लावली. पूर्ण ऐकली. हाताची घडी, डोळे मिटलेले. संपल्यावर ते अमोलसमोर जाऊन उभे राहिले. तो पटकन उठला.

"तुम्हाला ठाऊक होतं, ए म्हटलं की काम होतं. राण्यांनी सांगितलं असणारच."

अमोल खाली बघायला लागला. मीही.

"तरी तुम्ही ए म्हटलं नाही." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मुलगा ओके आहे, सुजाता."

सुजाता दारातच रडली. नलिनीने पोहे पुन्हा गरम केले.

लग्न बदलापूरला हॉलमध्ये झालं, साधं, बौद्ध पद्धतीने, अर्ध्या दिवसात. त्यात सोनवण्यांनी फक्त हॉलबाहेरच्या मंडपाचा एक खांब रिजेक्ट केला. सुजाता वांगणीला गेली. नंतर आठ-दहा दिवस त्यांच्या घरातून पियानोचा आवाज येत होता. रोज दोन-दोन वेगळे व्हेंडर. एकामागून एक सगळे पुन्हा तपासत होते म्हणा ना!

पुढच्या रविवारी दुपारी ते आमच्याकडे आले. मी टोमणा तयारच ठेवला होता. पण ते माझ्याकडे न बघता सरळ नलिनीला म्हणाले, "वहिनी, सुमन तुमच्याशी मोकळं बोलायची. माझ्या या पियानोबद्दल कधी काही म्हणाली होती का?"

मी नलिनीला खुणेने सांगत होतो, नाही म्हण. तिने माझं आजवर कधी ऐकलंय?

"म्हणायची की," ती म्हणाली. "म्हणायची, त्या पियानोवाल्याची कुठली गाडी सुटतेय कोण जाणे! जरा दमाने वाजवला असता तर मीही बसले असते यांच्याजवळ. एवढ्या घाईत मला काही धरताच येत नाही. म्हणून मी आपली आत कणीक मळत बसते."

सोनवण्यांनी मान हलवली. त्यांना ते नवीन नव्हतं.

"मलाही म्हणाली होती. सुजाता पहिलीत होती तेव्हा. म्हणाली, अहो, हे जरा पळतंय असं नाही का वाटत? मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? परत कधी बोलली नाही." ते माझ्याकडे वळले. "सगळ्या ऐकल्या आता, राणे. अठराच्या अठरा. सगळे चांगलं वाजवतात हो! एकेक असा आहे की काय सांगू. आणि शेजारी बसायला कुणी नाही."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. टोमणा राहूनच गेला.

"तिचं बरोबर होतं, हे तिला सांगायला हवं होतं मला," ते म्हणाले. "आता कुणाला सांगू?"

नलिनी भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"मला सांगा."

"वहिनी, सुमनचं बरोबर होतं," सोनवणे म्हणाले आणि हमसून हमसून रडले. इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. सुमनवहिनींच्या वेळीसुद्धा ते रडले नव्हते.

ते शांत झाल्यावर नलिनी उठली. "चला, मला ऐकायचंय," म्हणाली आणि पायात चपला घालून त्यांच्या घराकडे निघालीसुद्धा. मला कुणी बोलावलं नाही, मी आपला मागोमाग गेलो. नलिनी सुमनवहिनींच्या खुर्चीवर बसली नाही, खाली सतरंजीवर बसली. सोनवणे कपाटासमोर उभे राहिले. हात फळीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ते मागे वळले.

"वहिनी, कुठली लावू?"

"सगळ्यांत सावकाश असेल ती," नलिनी म्हणाली.